उडत्या तबकड्यांवर खासगी पैसा लागू दे, पण आधी दुसरा कॅमेरा घ्या

अमेरिकेतले धनवान लोक उडत्या तबकड्यांच्या संशोधनाला खिशातून पैसे देतात, असं आमच्या सोलापूरच्या कट्ट्यावर सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं, "पैसा लई झालाय बे त्यांना." झाला असेल. मला त्यात वावगं काही दिसत नाही. किंबहुना हा विषय खासगी पैशावरच तगणार, असं माझं स्पष्ट मत आहे. "तू पण का बे?" असं लिहायला ज्यांची बोटं शिवशिवताहेत त्यांनी आधी पोस्ट शेवटपर्यंत वाचावी.

सरकारी पैसा इथे टिकत नाही. अमेरिकी हवाई दलाने १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी जमवल्या, त्यातल्या ७०१ चा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. एडवर्ड कॉन्डन या भौतिकशास्त्रज्ञाच्या समितीने सांगितलं की आणखी अभ्यास करून विज्ञानाच्या पदरात काही पडेलसं वाटत नाही. दप्तर बंद. परग्रहावरून रेडिओ संदेश येतात का हे ऐकायचा नासाचा प्रकल्प १९९२ मध्ये सुरू झाला आणि १९९३ मध्ये तिथल्या संसदेने त्याचे पैसे कापले. पुढे तो जगला तो पॅकार्ड, पॉल ॲलन अशा संगणकवाल्यांच्या देणग्यांवर. २०२२ मध्ये नासाने अनोळखी हवाई घटनांवर सोळा जणांची समिती नेमली, तिला खर्चाची मर्यादा होती एक लाख डॉलर. तेवढ्यात विजापूर रोडला एक बरा बंगला होईल. निवडून येणाऱ्या माणसाला लोक हसतील याची धास्ती असते, त्यामुळे हे असंच चालणार. शेटजीला लोक हसले तरी त्याचं दुकान बंद पडत नाही.

मात्र शेटजी शेटजीत फरक असतो. धनिक लॉरन्स रॉकफेलर यांच्या पाठबळावर १९९७ मध्ये न्यूयॉर्कजवळ पोकँटिको इथे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर स्टरॉक यांनी शास्त्रज्ञांची एक बैठक घेतली. परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचा पटेल असा पुरावा नाही, पण काही घटना नीट तपासण्याजोग्या आहेत, असा निष्कर्ष निघाला. पैसे देणाऱ्याला आवडो न आवडो, तो छापला गेला. दुसरीकडे लास व्हेगासचे हॉटेलवाले आणि बांधकाम उद्योजक रॉबर्ट बिगेलो. त्यांनी १९९५ मध्ये या विषयाची स्वतःची संस्था काढली, पुढच्या वर्षी युटा राज्यातलं भुताटकीसाठी गाजलेलं एक रँचच (गुरांचं मोठं शेत) विकत घेतलं. संस्था २००४ मध्ये बंद झाली. रँचच्या कहाण्या भरपूर आल्या, कुणी तिसरा माणूस पडताळून पाहील अशी मोजमापं हाती लागली नाहीत. नंतर २००८ मध्ये याच विषयावर संरक्षण खात्याचे सुमारे २ कोटी २० लाख डॉलर त्यांच्याच कंपनीकडे गेले, म्हणजे हौस खासगी आणि बिल जनतेचं. आपल्याकडे शाळेला पंखा दिला तर पात्यांवर नाव लिहून घेतात, ते परवडलं. निदान पंखा फिरतो तरी.

आता मुद्द्याचं. माझा मावसभाऊ अक्कलकोटकडे शेतावर असतो. एकदा पहाटे त्याचा फोन आला, "दादा, गच्चीवर जा लवकर. काय तर पांढरं चमकतंय आणि हलतच नाही बघ." मी वर गेलो. खरंच होतं, उजाडायच्या आधीच्या निळसर आकाशात दुधाच्या थेंबासारखं. दुर्बिणीतून पाहिलं तर एका बाजूने पारदर्शक, खाली बारीकशी काळी शेपटी. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सुटतात हे इकडच्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. पेपरात अधूनमधून आवाहन येतं की रंगीत पॅराशूटला लटकलेली यंत्रं शेतात उतरली तर हात लावू नका, पोलीस ठाण्याला कळवा, सांगणाऱ्याला बक्षीस मिळेल. विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेच्या आसपास ती उतरतात. फुगा तीस-चाळीस किलोमीटर उंच, तिथे ऊन आधी पोचतं. आपण अंधारात, तो उजेडात, म्हणून तो चमकतो.

पण मी भावाला "फुगा आहे, झोप" असं सांगून सोडलं नाही. विचारलं, तुला कुठल्या दिशेला दिसतोय? हात लांब करून मूठ धर, क्षितिजापासून किती मुठी वर आहे? (एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश.) त्याचं आणि माझं उत्तर जुळेना, आणि ते न जुळणं हेच तर हवं होतं. शुक्राची चांदणी असती तर पस्तीस किलोमीटरवरच्या दोघांना ती एकाच दिशेला, एकाच उंचीवर दिसली असती. तीस किलोमीटरवरचा फुगा सोलापूरच्या बरोबर डोक्यावर असेल, तर अक्कलकोटहून तो वायव्येला जेमतेम चार मुठी वर दिसेल. दोन कोन आणि मधलं अंतर, की उंची निघाली. दहावीची त्रिकोणमिती. एकट्याने पाहिलं तर जवळचं ड्रोन, लांबचं विमान आणि त्याहून लांबचा ग्रह यांतला फरक डोळ्याला कळतच नाही. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोनमुळे गावंच्या गावं जागली. ढिगाने व्हिडिओ फिरले, पण अंतर एकाही व्हिडिओवरून कळत नव्हतं.

हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ अवि लोब यांचा आकाशातल्या अनोळखी वस्तू शोधणारा गॅलिलिओ प्रकल्प नेमका इथेच अडला. २०२१ मध्ये तो सुरू झाला तो साडेसतरा लाख डॉलरच्या खासगी देणग्यांवर. लोब यांची विधानं मला बरेचदा घाईची वाटतात. समुद्रतळातून काढलेल्या बारीक गोळ्या सूर्यमालेबाहेरून आलेल्या उल्केच्या आहेत हे त्यांचे दावे पुष्कळ शास्त्रज्ञांना पटलेले नाहीत, आणि ज्या भूकंपमापकाच्या नोंदीवरून उल्का पडल्याची जागा ठरवली तो धक्का रस्त्यावरच्या ट्रकचा असावा, असंही दुसऱ्या एका गटाने दाखवलं. पण त्याच प्रकल्पाच्या आठ इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी पाच महिन्यांत सुमारे पाच लाख हवाई मार्ग टिपले, आणि छाननीअंती संदिग्ध उरले १४४. त्यांनी सरळ लिहिलं की हे बहुधा नेहमीच्याच वस्तूंचे असतील, अंतर मोजल्याशिवाय पुढे सांगता येत नाही. या एका वाक्यासाठी मी देणगीदारांना सगळं माफ करतो.

आणि हा प्रामाणिकपणा आपल्याला नवा नाही. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने इस्रोने हैदराबादहूनच फुगा सोडून वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा आणवली. हैदराबाद आणि पुण्याच्या दोन प्रयोगशाळांनी ती वेगवेगळी तपासली. जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं नाव मिळालं. तरीही २००९ मध्ये जाहीर करताना म्हटलं काय, तर हे जीव पृथ्वीबाहेरून आले हे यावरून ठामपणे सिद्ध होत नाही. टीव्हीवाल्यांची किती निराशा झाली असेल!

म्हणून इथल्या चादर-टॉवेलवाल्यांना, साखरवाल्यांना माझं सांगणं आहे. मोठ्या कंपन्यांना नफ्यातले जे दोन टक्के सामाजिक जबाबदारी म्हणून खर्चावे लागतात, त्यांत सरकारी विद्यापीठातलं संशोधन बसू शकतं. आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाच्या गच्चीवर एक आणि अक्कलकोटच्या एखाद्या कॉलेजवर एक, असे रात्रभर अख्खं आकाश टिपणारे दोन कॅमेरे बसवा. दोन्हींची घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत. चित्रं रोज सगळ्यांना बघायला खुली हवीत. तबकडी नाही आली तर उल्का येतील, विजा येतील, हैदराबादचे फुगे तर येतीलच. पोरांना पदवीच्या प्रकल्पाला विषय मिळेल.

तोवर आपण साध्या कॅमेऱ्यांवर सुरुवात करू. सोलापुरातली गच्ची माझी. अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनीकडे कुणाच्या गच्चीवर रात्रभर वीज आणि नेट नीट राहत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. भावाकडे लोडशेडिंग आहे.