मॅस्टोडॉन आणि बँक खात्याची भीती: एका संदेशाचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या मराठी व्हॉट्सॲप गटांत सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. फेसबुक किंवा एक्स सोडून मॅस्टोडॉनवर, म्हणजे एका कंपनीऐवजी वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या सर्व्हरवर (संगणकावर) चालवलेल्या समाजमाध्यमावर, जाणाऱ्यांनी सावध राहावे, असे त्यात बजावले आहे. कारणे अशी: ते चिनी ॲप असून त्यावर सरकारची बंदी आहे, सर्व्हर चालवणारा माणूस ओटीपी वाचून बँक खाते रिकामे करतो, फुकट सेवा देणाऱ्यांचा काहीतरी डाव असतो, सर्व्हर एका रात्रीत बंद पडतो, आणि तिथे मराठी माणूस औषधालाही सापडत नाही. हा संदेश खानापूरला माझ्या आत्याकडेही पोहोचला. आत्या निवृत्त शिक्षिका. तालुक्यातल्या जुन्या भातजाती, त्यांची पेरणी, कोणत्या भाताचे पोहे चांगले होतात, याविषयी ती तिथे लिहू लागली होती. संदेश वाचून तिने घाबरून खातेच हटवले. मॅस्टोडॉनवर हटवलेले खाते परत मिळत नाही आणि तेच नाव त्या सर्व्हरवर पुन्हा घेताही येत नाही. त्यामुळे या संदेशाविषयी शांतपणे लिहिणे मला जड जाते आहे.

ओटीपीचा मुद्दा आधी घेतो, कारण तो धडधडीत खोटा आहे आणि सर्वाधिक नुकसान त्यानेच केले आहे. मॅस्टोडॉनवर खाते उघडताना ईमेल पत्ता, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. काही सर्व्हर ‘तुम्हाला इथे का यायचे आहे’ असेही विचारतात. मोबाइल क्रमांक मागितला जात नाही. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, आणि अँड्रॉइड फोनवर कोणत्याही ॲपला एसएमएस वाचायचे असतील तर तशी वेगळी परवानगी घ्यावी लागते. सेटिंग्जमध्ये जाऊन ॲपचे नाव दाबावे आणि परवानग्यांची यादी उघडून पाहावी. मॅस्टोडॉनचे अधिकृत ॲप एसएमएसची परवानगी मागतच नाही. मग सर्व्हर चालवणाऱ्याला खानापुरातल्या फोनवरचा ओटीपी दिसणार तरी कसा? लोकांची खाती लुटली जातात ती बँकेचा अधिकारी असल्याचे भासवून केलेल्या फोनमुळे, बनावट लिंकमुळे आणि प्ले स्टोअरबाहेरून थेट ॲप बसवणाऱ्या एपीके फाइलींमुळे, आणि त्या फाइली बहुतेकदा व्हॉट्सॲपवरूनच येतात. वडीलधाऱ्यांना ओटीपीची वाटणारी धास्ती रास्त आहे. ती भलतीकडे वळवली की खऱ्या चोरापासूनचे त्यांचे लक्ष उडते.

यात एक अर्धसत्य आहे आणि ते मान्य करणे भाग आहे. मॅस्टोडॉनवर एकमेकांना पाठवलेला खासगी मजकूर व्हॉट्सॲपसारखा कुलूपबंद नसतो. सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवले तर तो त्याला वाचता येतो. मात्र असा मजकूर लिहायला घेताच मॅस्टोडॉन स्वतःच तशी सूचना दाखवते आणि संवेदनशील माहिती पाठवू नका असे सांगते. भातजातींविषयी सर्वांसाठी लिहिणाऱ्या बाईला यातून कोणता धोका होता, हे संदेश पाठवणाऱ्यांनी सांगावे.

चिनी आणि बंदीची गोष्ट एका वाक्यात मिटते: मॅस्टोडॉन २०१६ साली जर्मनीत ऑयगन रोख्को यांनी सुरू केले आणि जून २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपच्या यादीत ते नव्हते. ‘फुकट म्हणजे डाव’ हा आक्षेप तर सीमाभागात कोणी घ्यावा याचेच नवल वाटते. कडोली किंवा उचगावचे साहित्य संमेलन जसे गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि राबत्या हातांवर उभे राहते, तसेच हे सर्व्हर मुख्यतः देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतात.

सर्व्हर बंद पडतात, हे खरे. म्हणूनच मॅस्टोडॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरील यादीत नाव यायचे असेल तर सर्व्हरला एक करारनामा मान्य करावा लागतो: रोज बॅकअप घ्यायचा, आणीबाणीत सर्व्हर हाताळू शकेल अशी आणखी किमान एक व्यक्ती ठेवायची, द्वेषपूर्ण मजकुरावर लक्ष ठेवायचे आणि बंद करण्यापूर्वी किमान तीन महिने आधी कळवायचे. सर्व्हर निवडताना तो या यादीत आहे का, एवढे पाहिले तरी पुरते. मोठ्या कंपन्या तरी कुठे अमर आहेत? गूगलचे समाजमाध्यम ऑर्कुट २०१४ मध्ये गेले. कन्नडपासून सुरुवात करून मराठीतही आलेले बेंगळुरूचे ट्विटरसारखे ॲप ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले. आमच्या ओळखीच्या एका साहित्य मंडळाचे पान एका मोठ्या माध्यमाने कारण न देता काढून टाकले, आणि तक्रारीला ठरावीक साच्यातल्या उत्तरापलीकडे काही मिळाले नाही. मॅस्टोडॉनवर निदान आपले अनुयायी घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर जाता येते. जुने लिखाण मात्र नव्या खात्यात जात नाही, ही उणीव आहेच; त्याची प्रत दर सात दिवसांनी मागवून स्वतःजवळ ठेवता येते.

तिथे मराठी माणसे कमी आहेत, हेही नाकारत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद केले गेले, तेव्हा भारतातून पुष्कळ लोक मॅस्टोडॉनवर गेले आणि त्यांतले बरेच परतले. पण लिहू लागलेल्यांना घाबरवून परत पाठवले तर संख्या वाढणार कशी?

ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला, त्यांनी ज्या गटांत तो टाकला त्याच गटांत निदान ओटीपीच्या मुद्द्याची दुरुस्ती आपल्या नावानिशी टाकावी.