मोठा स्क्रीन वाया गेला? खानापूरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. "३२ इंची स्क्रीन घेतला. अक्षरं फुटतात, मान आखडते आणि काम जुन्या साडेएकवीस इंचीवर व्हायचं तेवढंच होतं. मोठा स्क्रीन म्हणजे पैशाचा चुराडा," असं तुम्ही लिहिलंत. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत, निष्कर्ष मात्र पटत नाही.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे दोन्ही स्क्रीन १९२० बाय १०८० पिक्सेलचे. जे ठिपके आधी ४८ सेंटीमीटर रुंदीत दाटीने बसायचे, तेच आता ७१ सेंटीमीटरवर पसरलेत. म्हणजे मजकुराची एक ओळही जास्त दिसत नाही, आहे तीच भरड होते. कन्नड उताऱ्यांचं मराठी करणाऱ्याला हे फारच नडतं. ओत्तक्षर, म्हणजे कन्नड जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, मूळ अक्षराखाली बारीक असतं, त्याचा गिचका होतो. मराठीत 'ष्ट' की 'ष्ठ' हे डोळे ताणून बघावं लागतं. त्यात निळ्या टोकाची व्हीजीए केबल असेल तर अक्षरांच्या कडा आणखी पुसट होतात. आधी एचडीएमआय लावून बघा.

दुकानदार बदलून देत असेल तर २७ इंची, २५६० बाय १४४० चा घ्या. त्याची रुंदी जवळपास ६० सेंटीमीटर. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधलं स्केल १०० टक्के ठेवून वर्डमध्ये झूम ११३ च्या आसपास केलं की ए-फोर पान पट्टीने मोजलं तरी २१ सेंटीमीटर भरतं. कंट्रोल-एफ१ ने रिबन (वरची बटणांची रांग) मिटवली की उभं पानही जवळजवळ अख्खं मावतं. अशी दोन पानं शेजारी ठेवून वर १७-१८ सेंटीमीटर उरतात, तिथे शब्दकोश.

आता मान. तुम्ही कन्नड पीडीएफ मधोमध ठेवता आणि टाइप करता उजव्या टोकाला, म्हणजे दिवसभर मान वळलेली. विंडोज ११ मध्ये विंडोज की आणि झेड दाबून तीन उभे भाग करा: डावीकडे कन्नड, मध्ये मराठी, उजवीकडे शब्दकोश. मधल्या रेघा माउसने ओढून रुंदी जमवा. कीबोर्ड मधल्या भागासमोर. एकच खिडकी पूर्ण पसरवायची सवय मात्र सोडावीच लागेल, मोठ्या स्क्रीनचा निम्मा फायदा तिथेच जातो.

३२ इंचीच ठेवणार असाल तर पुढून मागे दोन फुटांचं टेबल अपुरं, कारण स्टँडच वीसेक सेंटीमीटर जागा खातो. स्क्रीन भिंतीवरच्या ब्रॅकेटवर न्या. डोळ्यांपासून ८०-९० सेंटीमीटर अंतर आणि वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी.

आणि ब्राइटनेस. आपल्याकडे पावसाळ्यात खोलीत दिवसाही अंधारून येतं, अशा वेळी कंपनीने ठेवलेला ब्राइटनेस डोळ्यांत घुसतो. स्क्रीनशेजारी कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा.