आपल्या हक्कांची वर्गणी कुणी भरली?

20 जानेवारी 2025 ला ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्वावरचा आदेश काढला. त्या आठवड्यात आमच्या बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या) मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अमेरिकेच्या घटनेतल्या चौदाव्या दुरुस्तीवर, म्हणजे इथे जन्मेल तो नागरिक असं सांगणाऱ्या कलमावर, जेवढं बोलणं झालं, तेवढं मी इथे आल्यापासून कधी ऐकलं नव्हतं. कारण उघड होतं. फटका फक्त कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यांना बसणार नव्हता. आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले नसतील, तर इथे जन्मलेल्या मुलालाही नागरिक धरायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आपल्याच लोकांची पोरं. तीन दिवसांत सिएटलच्या फेडरल न्यायाधीशांनी आदेश रोखला, ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली, आणि गाडी संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या मेन्यूवर आली.

मधल्या गडबडीत कुणीतरी एका खटल्याची लिंक टाकली होती. वाँग किम आर्क. तिच्यापाशी कुणी थांबलं नाही, म्हणून आज लिहिते आहे. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

वाँग किम आर्क स्वयंपाकी होता. 1873 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये जन्मला. तो नऊ-एक वर्षांचा असताना, 1882 मध्ये, अमेरिकेनं चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा केला आणि चिन्यांना नागरिकत्व घेण्याची वाटही बंद केली. (आपल्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या त्या त्याच्या पुढच्याच वर्षी. त्यांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. त्या कुठल्या हवेत उतरल्या हे आपण सांगत नाही.) 1895 मध्ये वाँग चीनहून परत आला तेव्हा त्याला बंदरातच अडवलं. तू इथे जन्मला असशील, पण तुझे आईबाप चीनच्या बादशहाची प्रजा, सबब तू आमचा नाहीस. कित्येक महिने त्याला किनाऱ्यापासून दूर, एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर असं डांबून ठेवलं. 28 मार्च 1898 ला सर्वोच्च न्यायालयानं 6 विरुद्ध 2 मतांनी निकाल दिला: इथे जन्मला, म्हणजे नागरिक. 2025 च्या आदेशाविरुद्धचा प्रत्येक दावा याच निकालावर उभा राहिला.

आता मला ज्यात खरा रस आहे तो प्रश्न. एका स्वयंपाक्याला वॉशिंग्टनपर्यंत वकील परवडले कसे?

त्याचे वकील उभे केले ते चायनीज सिक्स कंपनीज या संस्थेनं. नावात कंपनी असली तरी हा धंदा नव्हता. ग्वांगडाँग प्रांतातल्या वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेल्या लोकांची जी मंडळं होती, त्यांचा हा महासंघ. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाची खोली असायची, नव्यानं आलेल्याला तिथे पथारी मिळायची, कुणी गेलं तर निरोप गावी पोचायचा, तसलंच हे. फरक एवढाच की या मंडळांनी फार लवकर ओळखलं की पथारी आणि मर्तिकाबरोबर तिसरा खर्च कायम लागणार आहे, आणि तो कोर्टाचा.

1892 मध्ये गीअरी कायदा आला. प्रत्येक चिनी मजुरानं रहिवासाचा दाखला काढायचा, तो जवळ बाळगायचा, आणि नसला तर तुरुंग किंवा हद्दपारी. चिनी लोक त्याला कुत्र्याच्या बिल्ल्याचा कायदा म्हणत. सिक्स कंपनीजनी सांगितलं, नोंदणी करू नका, आणि खटला लढवायला माणशी एक डॉलर द्या. लाखभर लोकांपैकी बहुसंख्यांनी खरंच मुदत संपेपर्यंत नोंदणी केली नाही. धोबी, भांडी घासणारे, शेतमजूर. 1893 मध्ये खटला ते हरले, 5 विरुद्ध 3. पुढे मुदत वाढवून मिळाली आणि मुकाट्यानं नोंदणी करावी लागली. तरी पाच वर्षांनी तीच माणसं, त्याच खिशातून, वाँगच्या मागे उभी राहिली. हरल्यावर पुन्हा वर्गणी काढणं किती अवघड असतं, हे ज्यानं मंडळाचा खजिनदार म्हणून एक वर्ष काढलंय त्याला विचारा.

धोब्यांचं तर वेगळं प्रकरण आहे. सॅन फ्रान्सिस्को शहरानं नियम केला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर परवाना हवा. वाचायला साधा, आगीच्या काळजीपोटी केलेला. पण सुमारे 200 चिनी लाँड्रीवाल्यांनी अर्ज केले, ते सगळे फेटाळले. चिनी नसलेल्या 80 जणांनी केले, त्यातला एक सोडून सगळे मंजूर. लाँड्रीवाल्यांच्या संघानं लढा दिला आणि 1886 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की कायद्याचे शब्द समान असले तरी राबवताना भेद केला तर तो घटनाबाह्य. शिवाय हे संरक्षण प्रत्येक व्यक्तीला आहे, ती नागरिक असो वा नसो. यिक वो विरुद्ध हॉपकिन्स हे त्या खटल्याचं नाव. व्हिसावर असूनही तुम्हाला इथल्या कोर्टात समान वागणुकीचा दावा लावता येतो, त्यात या धोब्यांचा वाटा आहे. उच्चवर्णीय घरातून आलेल्या, डबल मास्टर्स केलेल्या आपल्यासारख्यांना हे सांगताना मला थोडी गंमत वाटते, हे कबूल करते.

तुमच्या मुलांना शाळेत घालताना एक फॉर्म भरला असेल, घरी कोणती भाषा बोलता म्हणून. आपण मोठ्या अभिमानानं त्यात मराठी लिहितो. त्या फॉर्मचं मूळ शोधत गेलात तर पुन्हा चायनाटाउनलाच पोचाल. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत सुमारे 1,800 चिनी मुलं अशी होती की ज्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि शाळा त्यासाठी काहीही वेगळं करत नव्हती. सगळ्यांना तेच पुस्तक, तोच फळा, मग तक्रार कसली, असा शाळांचा पवित्रा. पालक कोर्टात गेले. 1974 मध्ये लाउ विरुद्ध निकोल्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं म्हटलं की न समजणाऱ्या भाषेत सगळ्यांना सारखं शिकवणं म्हणजे समान वागणूक होत नाही. समता आणि न्याय यांतला फरक समजावून सांगायला आजकाल कुंपणापलीकडची मॅच बघणाऱ्या तीन मुलांचं चित्र फिरतं. मला विचाराल तर हा निकाल वाचा, जास्त लवकर कळेल.

इथपर्यंत वाचून वाटेल की काय ही एकजूट! तेवढं सोपं नव्हतं आणि नाही. सिक्स कंपनीजची सूत्रं व्यापाऱ्यांच्या हातात होती. चायनाटाउनमधला मालकही चिनी आणि राबणारी बाईही चिनी, तेव्हा समाज म्हणून कुणाच्या बाजूनं बोलायचं, हा प्रश्न शंभर वर्षं दबून राहिला. तो फुटला 1982 च्या जूनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये. तिथल्या शिवणकामाच्या कारखान्यांत हजारो चिनी बायका पीसरेटवर, म्हणजे नगामागे मिळणाऱ्या मजुरीवर, राबत होत्या. युनियनचा नवा करार आला, तर चिनी मालक सही करेनात. आपण सगळे एकाच समाजाचे, गोऱ्यांच्या युनियनचं काय ऐकता, हा त्यांचा युक्तिवाद. या बायका बोलणार नाहीत, अशी मालकांची खात्री होती, आणि खरं तर युनियनच्या वरच्या लोकांनाही धाकधूक होती. 24 जूनला कोलंबस पार्कमध्ये सुमारे 20,000 जणी उतरल्या. काही दिवसांनी पुन्हा उतरल्या. मालकांनी सह्या केल्या.

मला ही गोष्ट वाँगच्या खटल्यापेक्षाही मोठी वाटते. बाहेरच्याशी लढताना समाज एक होतोच. घरातल्या मालकाला उत्तर देताना 'समाजाची बदनामी होईल' हे वाक्य तोंडावर फेकलं जातं, आणि त्या बायकांनी ते झेललं नाही.

हे वाक्य आपल्याला कुठे ऐकल्यासारखं वाटतं का? 2023 मध्ये कॅलिफोर्नियात जातीवरून भेदभाव करायला स्पष्ट मनाई करणारं विधेयक आलं, एसबी 403. त्याच्याआधी फेब्रुवारीत सिएटल शहरानं तसा नियम केला होता. तो मांडणाऱ्या क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या. आंबेडकरी संघटनांचे कार्यकर्ते, त्यात मराठीही आले, राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, खेटे घालत होते. आणि आमच्या ग्रुपवर काय चाललं होतं? 'इथे कुठे जात आहे', 'आपल्या मुलांना शाळेत चिडवतील', 'समाजाची बदनामी'. विधिमंडळानं विधेयक मंजूर केलं, 7 ऑक्टोबरला गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारलं, आणि ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. ज्या समाजानं 1913 मध्ये कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेबांचा फोटो मंडळाच्या कार्यक्रमात लावायचा, त्यानं या वेळी पेढे वाटावेत, याचा मला तेव्हाही राग आला आणि आजही येतो. कमेंटमध्ये भांडायचं तर या मुद्द्यावर भांडा, मी तयार आहे.

चिनी समाजातही आज सगळे एका बाजूला नाहीत, हेही सांगायला हवं. 2014 मध्ये ब्रुकलिनच्या एका सरकारी वसाहतीतल्या काळोख्या जिन्यात पीटर लिआंग या नवख्या चिनी-अमेरिकन पोलिसाच्या बंदुकीतून गोळी सुटली, भिंतीवर आपटून अकाय गर्ली या निःशस्त्र काळ्या तरुणाला लागली, तो गेला. लिआंग दोषी ठरला तेव्हा, फेब्रुवारी 2016 मध्ये, अनेक शहरांत हजारो चिनी लोक रस्त्यावर आले. वुईचॅट या चिनी लोकांच्या व्हॉट्सअॅपसारख्या अॅपवरून जमवाजमव झाली होती. गोरे पोलीस सुटतात, आमच्याच पोराचा बळी का, हा सवाल. सवालात तथ्य नव्हतं असं नाही. पण त्याच वेळी चिनी-अमेरिकन कार्यकर्त्यांचा एक छोटा गट गर्लीच्या कुटुंबाबरोबर उभा होता, आपल्याच लोकांच्या शिव्या खात. शेवटी लिआंगला तुरुंग झाला नाही. पाच वर्षं प्रोबेशन, म्हणजे बाहेर राहून देखरेख, आणि 800 तास समाजसेवा. गोऱ्यांना मिळते ती सूट आम्हालाही द्या, या मागणीला मी न्यायाची मागणी म्हणू शकत नाही. तो छोटा गट मला वाँगचा खरा वारस वाटतो. हार्वर्डच्या प्रवेशांत वंश बघावा की नाही, यावरच्या 2023 च्या निकालाआधीही अशीच फूट पडली, ती इथे उकरत नाही, नाहीतर पोस्ट संपायची नाही.

आणि मायदेशातल्या आपल्या वागण्याबद्दल दोन ओळी. कॅलिफोर्नियाला गेलेले बहुतेक चिनी ज्या टापूतले, त्याच चार तालुक्यांतली माणसं मुंबईतही आली होती. माझगावातलं सी यप (म्हणजेच 'चार तालुके') मंदिर त्यांचंच. 1962 च्या युद्धानंतर भारत सरकारनं सुमारे 3,000 चिनी वंशाच्या लोकांना, मुख्यतः आसाम-बंगालकडच्या, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. खटला नाही, आरोप नाही. म्हातारे, बाळंतिणी, शाळकरी पोरं. काही जण वर्षानुवर्षं तिथे होते. त्यातले पुष्कळ पुढे कॅनडात गेले, आणि भारत सरकारनं माफी मागावी, अशी मागणी तिथून आजही करताहेत. कॅनडानं देशात येणाऱ्या चिन्यांवर माणशी लादलेल्या डोईपट्टीबद्दल 2006 मध्ये संसदेत माफी मागितली. 1885 मध्ये 50 डॉलरवर सुरू झालेली ती पट्टी 1903 मध्ये 500 वर नेली होती. दोन दशकं तिथल्या चिनी संघटनांनी पिच्छा पुरवला तेव्हा ते घडलं. देवळीवाल्यांच्या बाजूनं बोलणारा एक मराठी आवाज तरी मला दाखवा.

नाही म्हणायला, एकेकाळी आपली माणसं आणि ही माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये नोंदणीच्या सक्तीविरुद्ध गांधीजींनी लढा दिला, तेव्हा तिथल्या चिनी संघटनेचे पुढारी लेउंग क्विन जानेवारी 1908 मध्ये त्यांच्याबरोबर तुरुंगात गेले. सरकारशी तडजोडीचं जे पत्र झालं त्यावर दोघांच्याही सह्या आहेत. शाळेत आम्हाला हे कुणी शिकवलं नाही.

तर मुद्द्यावर येते. ज्या दिवशी नागरिकत्वाचा आदेश निघाला, त्याच दिवशी न्यू हॅम्पशायरमध्ये त्याविरुद्ध एक दावा दाखल झाला. तो लावणाऱ्यांत एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेबरोबर एशियन लॉ कॉकस होती, 1972 मध्ये इथे बे एरियातच आशियाई वंशाच्या तरुण वकिलांनी काढलेली संस्था. आपण इमोजी टाकत होतो तेव्हा त्यांचे कागद तयार होते. अशा संस्था देणग्यांवर चालतात. आपल्या मंडळाच्या जमाखर्चात ढोल-ताशाचा, हॉलचा, मुंबईहून येणाऱ्या कलाकारांच्या विमानखर्चाचा रकाना आहे. कायदेशीर मदतीचा नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे: गणपतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा दरवर्षी स्थलांतरितांना कायद्याची मदत करणाऱ्या संस्थांना द्यावा, आणि जातीवरून छळ झाल्याची तक्रार घेऊन कुणी आलं तर त्यालाही त्यातून वकील मिळावा. दुसऱ्या भागाला विरोध होणार, तो वगळून पहिला मंजूर करू असंही कुणीतरी सुचवणार. मी वेगळे करणार नाही. अनुमोदन कोण देतंय ते कमेंटमध्ये नावासकट लिहा, इनबॉक्समध्ये नको.