हळदी झंपर, जांभळ्या बाह्या

आज वेंगुर्ल्याला भाच्याच्या साखरपुड्याला जाऊन आले. जेवण उत्तम, सोलकढी तर दोनदा मागून घेतली. पण डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहायला बसले.

मी आईने शिवलेला झंपर घातला होता. 1979 सालचा. (ब्लाउज म्हणा हवं तर, आमच्या घरात झंपरच.) तिच्या ओटीत आलेले दोन खण, एक हळदी, एक जांभळा. मला फुग्याच्या बाह्या हव्या होत्या आणि एका खणात त्या बसेनात, म्हणून अंग हळदी, बाह्या जांभळ्या. हातमशीनवर शिवलेला, हूक-काजं हाताने. त्यावर आज काळं इरकल नेसले, लाल टोपपदराचं.

हात धुवायला उभी होते, तर थोरल्या जाऊबाई कानाशी आल्या. "शोभता काय गो तुका ह्यां, ह्या वयात? लोक काय म्हणतले?"

मी म्हटलं, "लोक जेवक इलेत. जेवतले नि जातले."

तिथे हसले. राग आला तो गाडीत बसल्यावर. 'ह्या वयात' हे वरचं झाकण, आतलं मला कळत नाही का? हे जाऊन तीन वर्षं झाली ना! चौसष्टाव्या वर्षी नवरा नसलेल्या बाईने बदामी नेसावं, राखाडी नेसावं, फोटोत कडेला उभं राहावं. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा आपल्या अख्ख्या घराण्याने तो इथे शेअर केला होता. खाली हात जोडलेल्यांची रांग. ठराव घाटापलीकडे असतो तोवर गोड लागतो.

आणि हाच खण वीस वर्षांच्या मुलीने घातला की 'अय्या, विंटेज!' आजीचं लुगडं कापून ड्रेस शिवला की कौतुक. खुद्द आजीने घातलं की म्हातारचळ. सत्तरीचे काका फुलाफुलांचा शर्ट घालून सागरेश्वरच्या किनाऱ्यावर हिंडतात, ते मात्र हौशी.

असो.

झंपराचं सांगत होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा कपडा आज अंगात गेला कसा, हे कोणी विचारलंच नाही. आपल्या हवेत कापड टिकवणं म्हणजे लहान मूल सांभाळण्यासारखं. पावसात ट्रंकेत वेखंडाचे तुकडे, पाऊस सरला की ऊन, दर वेळी घडी बदलायची, नाहीतर घडीवरच विरतं. ते सगळं मी केलं. पण मूळ करामत आईची. शिवताना म्हणाली होती, "दोन्ही बाजूंक दोन दोन बोटां माया सोडलंय. पुढे लागतली." तेव्हा मी अठरा वर्षांची, कंबर मुठीत मावेल अशी. मला वाटलं, खण वाया घालवते आहे.

गेल्या आठवड्यात ती शिवण उसवली. बाहेरचा हळदी रंग विटून ताकासारखा झालाय, पण आत दुमडलेली माया जशीच्या तशी, ओल्या हळदीसारखी. आता दोन्ही कुशींना दोन गडद पट्टे आलेत. साखरपुड्यात एका मुलीने विचारलं, "मावशी, ही डिझाइन आहे का?" काय सांगणार? हो म्हटलं.

आता कबूल करते, काखेत काचतोच. फुगे थोडे जास्तच आहेत, फोटोत मी दशावतारातल्या पात्रासारखी दिसते. आणि जाऊबाई वाईट नाहीत. हे आजारी असताना दोन महिने रोज डबा त्यांनीच पाठवला. त्यांचीही ट्रंक मी बघितलेली आहे. बेळगावला बस्ता बांधायला गेले होते तेव्हाचे, गुळेदगुड्डचे खण, घडी न मोडलेले. मोरपिशी, डाळिंबी, एक तर असा राणी रंग की डोळे दिपावेत. कोणासाठी ठेवलेत, हे विचारायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही, नुसतं बोलून मोकळी झाले. बघू, संकष्टीला येतील तेव्हा विचारीन.

पण झंपर घालणार. पुढच्या महिन्यात लग्न आहे, तेव्हाही हाच. जाऊबाई, वाचत असाल तर आत्ताच सांगून ठेवते.

लिहिता लिहिता बघितलं तर डावी बाही खांद्यापाशी उसवली आहे. डब्यात जांभळा दोरा नाही. लाल आहे, तोच घालते.