मणका घासत नाहीये, आत्या!

रविवारी सकाळी धाकटा भाऊ कचराळी तलावावर चालायला आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, "ताई, आत्याने पाठवलेलं वाचलंस का?" वाचलं. 'मणक्याच्या वातावर रामबाण' असा तो फॉरवर्ड आता आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरतोय. चालणं-पोहणं बंद करा, मणका घासतो. 15 किलो वजन उतरवा, आजार मुळासकट जातो. वांगं-बटाटा सोडा. मणका 'कडकड' मोकळा करून घ्या, गोळ्या सुटतील.

भावाला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस आहे. आपल्याकडे मान आखडली तरी 'स्पॉन्डिलायटिस झालाय' म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो. वयोमानाने मणके झिजतात ते स्पॉन्डिलोसिस. भावाच्या आजारात प्रतिकारशक्तीच उलटते. स्नायुबंध हाडाला जिथे चिकटतात तिथे सूज येते आणि काहींच्या बाबतीत पुढे तिथे नवं हाड तयार होऊन मणके एकमेकांना जुळतात. घासतो कसला? भीती आहे ती जखडण्याची, आणि यांचा सल्ला काय, तर पडून राहा! अहो, पडून राहिलं की वाढतं आणि हालचाल केली की उतरतं, ही तर या दुखण्याची ओळखायची खूण. पहाटे कूस बदलताना कण्हणारा माझा भाऊ तलावाला दोन फेऱ्या मारल्या की ताठ होतो, हे मी रोज बघते.

माझं बघणं पुरेसं नसेल, तर 2020 साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये छापून आलेली चाचणी घ्या. याच गटातल्या आजाराचे 100 रुग्ण, 3 महिने. निम्म्यांकडून चांगला दम लागेल असा व्यायाम करून घेतला, वजनंसुद्धा उचलायला लावली. आजार भडकला नाही. उलट दुखणं, थकवा, आखडणं कमी झालं. म्हणून कुणी उद्या उठून येऊरचा डोंगर चढू नये, फिजिओथेरपिस्टला विचारून सुरुवात करावी.

वजनाचं थोडं खरं आहे, मान्य करते. चरबी जास्त असली की सूज वाढायला हातभार लागतो, या आजारावरची काही इंजेक्शनंही कमी लागू पडतात. पण 'मुळासकट' नाही जात. आणि भाऊ आहे 58 किलोचा. त्यातले 15 उतरवले तर उरेल काय?

वांग्या-बटाट्याला काही आधार नाही, भरीत खुशाल खा. सिगारेट सोडा, हे डॉक्टर खरोखर सांगतात, ते मात्र त्या मेसेजात कुठेच नाही.

'कडकड' मात्र हसण्यावारी नेऊ नका. जुळत आलेला मणका ठिसूळ असतो. झटका दिला तर मोडू शकतो, मज्जारज्जूला इजा होऊ शकते. आणि गोळ्या थांबवायच्या की नाही ते ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे अशा सांध्यांच्या आजारांचे डॉक्टर, ठरवतील.

आत्या, तो मेसेज काढ. आणि त्याला तूच एक फोन कर. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकतो.