बाळ मागू नका, काम मागा

मोठ्या कुटुंबात बाळ येणं हे भाग्यच, त्यात वाद नाही. पण त्या भाग्याचा हिशेब आपण कायम बाळाच्या बाजूनेच मांडतो. किती आज्या, किती काकू-माम्या, किती मांड्या! एकदा बाळंतिणीच्या बाजूने मांडून बघा.

घरात दहा माणसं असतील तर दहाही जणांना बाळच हवं असतं. भांडी कुणालाच नको असतात. बाळ दूध पिऊन शांत झालं रे झालं की कुणीतरी म्हणतं, "आण इकडे, तू पड जरा." ती बिचारी पडते. डोळा लागेपर्यंत बाळ तिसऱ्या मांडीवर पोचलेलं असतं आणि पाचव्या मांडीवर ते भोकाड पसरतं. मग सगळ्यांचं एकमत होतं, "भूक लागली असेल गं." आत्ताच प्यायलेलं बाळ परत तिच्याकडे. थोडक्यात, झोपलेलं बाळ सगळ्या घराचं आणि रडणारं बाळ आईचं. याला मदत म्हणतात का?

तान्हं बाळ दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा दूध पितं. एका वेळेला अर्धा तास धरला तरी चार ते सहा तास नुसते पाजण्यात जातात, तेही तुकड्यातुकड्यांत. अशा बाईला सलग दोन तास झोप मिळवून देणं हे घरातल्या बाकीच्यांचं पहिलं काम. त्यासाठी बाळाला हात लावायची गरजही पडत नाही. कपडे धुवा, वाळत घाला, घड्या करा. तिचं ताट तिच्या हातात द्या आणि ती जेवेपर्यंत तिथून हलू नका. फोन तुम्ही उचला. दारात उभं राहून "आत्ता दोघं झोपलेत, नंतर या" असं पाहुण्यांना सांगायला घरातलं एक खमकं माणूस नेमा. तो वाईटपणा सुनेला घ्यायला लावू नका, लेकीलाही नको.

बरं, बाळालाही ही मांड्यांची यात्रा आवडते असं नाही. जन्मल्यावर त्याला जेमतेम 20 ते 30 सेंटिमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढंच. त्यापलीकडे सगळा धूसर गोंधळ. कंटाळलं की ते रडण्याआधी सांगतं. मान फिरवतं, जांभई देतं, बोटं फाकवतं, उचकी लागते. आपण मात्र "बघ, आत्याकडे बघतच नाही!" म्हणून टाळ्या वाजवत आणखी जवळ जातो.

आता कटू बोलते. मोठं कुटुंब म्हणजे खोकणारी माणसंही जास्त. डांग्या खोकला मोठ्या माणसाला झाला तर "जातच नाहीये मेला खोकला" इतकंच वाटतं. अगदी लहान बाळात मात्र खोकल्याची उबळ न येता श्वासच थांबू शकतो. त्याची स्वतःची लस साधारण सहा आठवड्यांनंतर सुरू होते आणि हा आजार बऱ्याचदा त्याला घरच्याच माणसाकडून मिळतो. ओठावर हर्पीसचा फोड असताना घेतलेला पापा तर तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. त्यामुळे आईने "आधी हात धुवा" म्हटलं की तोंड वाकडं करू नका. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट ताप आला तर घरात मतदान घेत बसू नका. डॉक्टर. लगेच.

"आम्ही नाही का वाढवली मुलं" हे वाक्य निघणारच. मला त्या पिढीचा राग येत नाही. बाळाला पालथं झोपवायचा सल्ला एके काळी अनेक देशांत डॉक्टरच देत होते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये तो बदलला, 1994 मध्ये बाळाला उताणं झोपवा म्हणून मोठी मोहीम निघाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या तिथे निम्म्यावर आली. म्हणजे आजी तेव्हा चुकली नव्हती, पण आज तोच हट्ट धरला तर चुकेल. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नको, हेही तसंच. आजीचं अंगाई गाणं, रडणाऱ्या बाळाला खांद्यावर टाकून तासन्‌तास फिरायचा दम, हे कुठल्या डॉक्टरकडे मिळणार? ते तिच्याकडून घ्यावं.

घरातल्या आधीच्या लहानग्याबद्दल एकच सांगते. "आता तुझे लाड संपले हं" हा विनोद कृपा करून बंद करा. मोठ्यांना हसू येतं, ते पोर रात्री अंथरूण ओलं करतं. पाहुण्यांनी आधी त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, मग पाळण्याकडे वळावं.

आणि गर्दीत हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे आईचं मन. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात रडू येणं, चिडचिड होणं हे फार जणींना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही तर तो आजार असू शकतो, त्याला उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे 13 टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. "एवढं भरलं घर आहे, तुला काय कमी?" हे ऐकल्यावर ती पुढे काय बोलणार?

राहता राहिला बाप. एकत्र कुटुंबात त्याच्याइतका बिनकामाचा माणूस कुणी नसतो, कारण आपणच त्याला तसं करतो. डायपर हातात घेतला की चार अनुभवी बायका धावतात, "सोड, तुला नाही जमायचं." तो सुटल्यासारखा बाहेर जातो आणि मग वर्षभर आपणच म्हणतो की याला मुलाचं काही कळत नाही. त्याने लावलेला डायपर तिरका बसू दे, दोनदा गळू दे. रात्री तीनला सगळी काकू-मामी मंडळी आपापल्या खोलीत घोरत असताना खोलीत तोच असणार आहे.