"कार्डला हातच लावला नाही, पैसे मात्र घेतले" या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की तुमचं आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड गेम चालू केला की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी करायचं, आम्ही कार्ड न उघडताच चेकिंगचे ७०० घेतले, वर नवीन एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय) गळ्यात मारला, आणि आता सेफ्टीसाठी तुम्ही स्वतः ६०० चा यूपीएस आणून लावलात तरी गेममध्ये टीं टीं वाजून मॉनिटरसकट सगळं बंद पडतंय, म्हणजे कार्डच गेलेलं होतं आणि आम्ही चोर. चोर वगैरे राहू दे, पण बाकीचं इथेच लिहितो कारण हाच प्रॉब्लेम घेऊन बरेच जण येतात आणि येण्याआधी रिव्ह्यू वाचूनच येतात.

आधी ते टीं टीं बघू. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा काय होत होतं आठवा, स्क्रीन काळी, कार्डचे फॅन एकदम फुल स्पीडला, पण हेडफोनमध्ये गेमचा आवाज चालूच. पीसी बंद होत नव्हता. आता बीप वाजतो आणि मॉनिटरचा लाइटसुद्धा जातो. सर, कार्ड मेलं तर मॉनिटर "नो सिग्नल" म्हणेल, स्वतः बंद कशाला होईल? तो बीप यूपीएसचा आहे, ओव्हरलोडचा. ६०० म्हणजे ६०० व्हीए, वॅट नव्हे, मागचा स्टिकर बघा, या साइजच्या घरगुती यूपीएसवर बहुतेक ३६० वॅट लिहिलेलं असतं. तुमचं कार्ड एकटं २२० वॅट घेतं, त्यात प्रोसेसर, बोर्ड, फॅन आले, मॉनिटरही त्यालाच जोडलाय, आणि एसएमपीएसमध्ये जे थोडंफार वाया जातं ते वेगळंच. पिक्चर बघताना, टायपिंग करताना काहीच होणार नाही, गेममध्ये लोड चढला की यूपीएस हात वर करणार. विकणाऱ्याने ६०० ऐकवलं आणि तुम्ही वॅट समजलात, असं खूप जणांचं होतं.

आता कार्ड का उघडलं नाही ते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या एररच्या नोंदीत, डिस्प्ले ड्रायव्हर थांबल्याची एरर होती, ती वाचून लोक लगेच कार्ड गेलं म्हणतात, पण विंडोज फक्त एवढंच सांगतं की कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही, का दिलं नाही ते सांगत नाही. म्हणून आधी सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर पूर्ण साफ करून नवीन टाकला, फरक शून्य. टेंपरेचर बघितलं, हॉटस्पॉटसकट (चिपचा सगळ्यात गरम भाग) नॉर्मल. मग फरमार्क, म्हणजे कार्डावर फुल लोड टाकून बघायचं सॉफ्टवेअर, लावला तर त्यात बिनतक्रार चाललं, आणि इथेच जास्त लोक फसतात. फरमार्कमध्ये लोड एकसारखा असतो आणि प्रोसेसर जवळपास रिकामा बसलेला असतो, गेममध्ये मात्र दोघं एकदम पळतात आणि ३००० सीरिजची कार्डं क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या बरीच वर उडी मारतात, सरासरी २२० दिसली तरी. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ६० टक्क्यांवर आणलं तर तुमचाच गेम तुमच्याच पीसीवर आरामात चालला, परत १०० केलं की काळी स्क्रीन. मग तेच कार्ड आमच्या ७५० वॅटच्या टेस्ट मशीनवर फुल पॉवरला चालवलं, चाललं. शेवटी आमचा एसएमपीएस तुमच्या पीसीला लावला, तिथेही चाललं. यानंतर कार्ड उघडून मी काय शोधायचं होतं?

आणि तो जुना एसएमपीएस, कंपनीचं नाव घेत नाही, कॅबिनेटसोबत आलेला. समोर मोठ्या अक्षरात ६०० वॅट, बाजूच्या बारीक टेबलमध्ये १२ व्होल्टला ३० अँपिअर, म्हणजे ३६०. गंमत म्हणजे यूपीएसचाही तोच आकडा. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे बघायची ती लाइन हीच, समोरचा आकडा नाही. तुमच्या कार्डाला पॉवरचे दोन एट-पिन कनेक्टर लागतात, त्याच्याकडे होता एकच, म्हणून कोणीतरी दुसऱ्याला मोलेक्सचा (जुन्या पद्धतीचा चार पिनचा पॉवर कनेक्टर) कन्व्हर्टर लावून दिलेला. एट-पिन म्हणजे १५० वॅटची सोय, ती एका मोलेक्सवर टाकली की काय व्हायचं तेच झालं, पिवळ्या वायरजवळचं पांढरं प्लास्टिक करपून तपकिरी झालेलं. त्याचा फोटो तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय, अजून असेल बघा. आणि गळ्यात मारला म्हणालात म्हणून सांगतो, ६५० वॅटच्या वरचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं रेटिंग), कार्डासाठी दोन वेगळ्या पीसीआयई पॉवर केबल असलेला एसएमपीएस कुठूनही आणा असं त्याच मेसेजमध्ये लिहिलंय.

दुसऱ्या दुकानात चिप गेली, रिबॉलिंग करा म्हणाले असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्याबद्दल मी बोलणार नाही, पण चालणारी चिप तापवून काढून परत बसवणं म्हणजे टाकीत पाणी नाही म्हणून शॉवर बदलण्यासारखं आहे, आणि त्यात चांगलं कार्ड खरंच मरू शकतं. कृपा करून ते तेवढं करू नका. ७०० रुपये या सगळ्या तपासणीचे आहेत, दराचा बोर्ड काउंटरवर लावलेला आहे, कार्ड चांगलं निघालं म्हणून तपासायला लागलेला वेळ परत येत नाही.

आज एवढंच करा, यूपीएस काढून पीसी आणि मॉनिटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, तोही १६ अँपिअरचा मिळाला तर उत्तम, आणि नेहमीचा गेम खेळा. पॉवर लिमिट १०० वरच राहू दे. चाललं तर यूपीएस जिथून घेतला तिथे बदलून मिळतो का विचारा, ११०० व्हीएचा घ्या, त्यावर ६६० वॅट लिहिलंय ना ते स्वतः वाचून घ्या. नाही चाललं तर पीसी घेऊन या, परत चेकिंग चार्ज लागणार नाही, एसएमपीएस वॉरंटीत आहे. फक्त मंगळवारी येऊ नका, त्या दिवशी दुकान बंद असतं.